सेकंदाला एकच रिक्वेस्ट : एपीआयच्या मर्यादा आणि अटींविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच एकाच अडचणीची होती. दुसऱ्याच्या सर्व्हरवरून एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रॅमना माहिती देण्यासाठी ठेवलेल्या खिडकीतून, माहिती मागवणारा प्रोग्रॅम कालपर्यंत व्यवस्थित चालत होता, आज सर्व्हर नकार देतो. अशी प्रत्येक मागणी म्हणजे एक रिक्वेस्ट. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांतले आकडे त्या त्या सेवेच्या जाहीर अटींमधले आहेत. अटी बदलत असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी त्या सेवेचे अटींचे पान स्वतः उघडून वाचा. अर्धा तास लागेल, पण पुढचे कितीतरी दिवस वाचतील.

प्रश्न : आमच्या दूध संघाच्या ८,००० सभासदांची घरे नकाशावर दाखवायची आहेत. ओपनस्ट्रीटमॅपच्या नॉमिनाटिम सेवेला पत्ता दिला की अक्षांश-रेखांश मिळतात, म्हणून पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली आणि वेळ वाचावा म्हणून दहा थ्रेड (एकाच वेळी चालणारे धागे) लावले. थोड्याच वेळात प्रत्येक रिक्वेस्टला ४०३ हा नकाराचा क्रमांक येऊ लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. आता काय करावे?

उत्तर : सर्वात आधी स्क्रिप्ट थांबवा. नकार मिळत असताना ती चालू ठेवली तर तुमचा आयपी पत्ता अडवून ठेवण्याचे कारण तुम्हीच पुरवत राहता. व्हीपीएन लावून किंवा दुसऱ्या मशीनवरून तेच काम पुढे रेटू नका. एकाच कामासाठी अनेक मशीन वापरायला नॉमिनाटिमच्या अटींत स्पष्ट मनाई आहे.

ही सार्वजनिक सेवा ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन देणग्यांच्या बळावर चालवते आणि साऱ्या जगाचे वापरकर्ते त्याच सर्व्हरांवर येतात. म्हणून अट अशी आहे की सेकंदाला जास्तीत जास्त एक रिक्वेस्ट, तीही एकाच थ्रेडमधून. दुसरी अट ओळखीची. प्रत्येक रिक्वेस्टसोबत यूजर-एजंट नावाचा हेडर, म्हणजे सोबतच्या माहितीची एक ओळ, जातो. तो तुम्ही स्वतः भरला नाही तर पायथॉनची लायब्ररी आपलेच नाव पाठवते आणि असे साचेबद्ध नाव इथे चालत नाही. त्या जागी तुमच्या प्रोग्रॅमचे नाव, आवृत्ती आणि संपर्काचा ईमेल लिहा. काही चुकले तर सर्व्हर चालवणाऱ्यांना अडवण्याआधी तुम्हाला कळवता येते, आणि प्रत्यक्षात ते कळवतातही. तिसरी अट, मिळालेली उत्तरे तुमच्याकडे साठवा. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा प्रोग्रॅम बिघडलेला समजून अडवला जातो.

आता हिशेब करा. ८,००० रिक्वेस्ट सेकंदाला एक या गतीने २ तास १३ मिनिटांत होतात. सुरक्षित अंतर म्हणून दीड सेकंद ठेवला तरी ३ तास २० मिनिटे. दहा थ्रेड लावून वाचणार होता तो वेळ एवढाच.

खरे तर ८,००० रिक्वेस्टची गरजच नाही. ग्रामीण पत्त्यात घर क्रमांक क्वचित असतो आणि असला तरी ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तो सापडण्याची शक्यता कमी. तुम्हाला गावाचा बिंदू मिळणार आहे. म्हणून आधी एक्सेलमध्ये गाव, तालुका, जिल्हा असे तीन रकाने वेगळे करा आणि एकसारख्या ओळींतली एकच ठेवा. संघाचे सभासद दोन-चारशे गावांतले असतील तर रिक्वेस्टही तेवढ्याच लागतील, म्हणजे दहा मिनिटांचे काम.

पत्ता जसाच्या तसा पाठवू नका. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘बसस्टँडसमोर’, ‘पाटलांच्या वाड्याशेजारी’ यांतले काहीही नॉमिनाटिमला समजत नाही. उलट त्यामुळे जुळणारे गावही हातचे जाते. एका ओळीत सगळे देण्याऐवजी गाव, जिल्हा, राज्य हे वेगवेगळ्या पॅरामीटरमध्ये द्या आणि देशाचा संकेत भारताचा ठेवा. जिल्हा मात्र गाळू नका. पिंपळगाव, वडगाव, निमगाव या नावांची गावे महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जिल्हा नसेल तर सर्व्हर त्यातले एखादे निवडून देईल आणि चूक तुमच्या लक्षातही येणार नाही. आलेल्या उत्तरातला जिल्हा तुमच्या यादीतल्या जिल्ह्याशी जुळतो का, हे प्रोग्रॅमलाच तपासायला लावा. देवनागरीत गाव सापडले नाही तर रोमन लिपीत एकदा विचारून पाहा, पण ती वेगळी रिक्वेस्ट असते. तिच्यासाठीही मधले अंतर पाळावे लागते.

साठवताना अक्षांश-रेखांशासोबत विचारलेला मजकूर, तारीख आणि उत्तरातला ओपनस्ट्रीटमॅपचा क्रमांकही ठेवा. जे गाव सापडले नाही तेही ‘सापडले नाही’ असे नोंदवा. ही नोंद बहुतेक जण करत नाहीत. मग स्क्रिप्ट मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाली की न सापडलेली गावे ती पहिल्यापासून विचारत बसते. प्रत्येक उत्तर आले की लगेच फाइलमध्ये लिहा, शेवटी एकदम नको. वीज गेली तर सगळेच जाईल.

पत्त्यांसाठीची पायथॉनची जिओपाय लायब्ररी वापरत असाल तर तिच्यात रेटलिमिटर नावाची सोय आहे. दोन रिक्वेस्टमधले किमान अंतर तिथे १ सेकंद किंवा जास्त द्या. हाताने लिहीत असाल तर उत्तर आल्यानंतर एक सेकंद थांबा. रिक्वेस्ट पाठवल्यापासून मोजण्यापेक्षा हे थोडे हळू पडते, पण चुकून मर्यादा ओलांडण्याची भीती राहत नाही.

सगळे दुरुस्त करूनही ४०३ येतच राहिले तर कार्यालयातल्या त्याच इंटरनेट जोडणीवरून आणखी कोणी ही सेवा वापरते का ते पाहा. बाहेरच्या सर्व्हरला तुमचे सारे कार्यालय एकाच आयपी पत्त्यावरून दिसते.

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर गावाच्या शोधाची चौकट आहे. वापरणारा एकेक अक्षर टाइप करतो तसतशी खाली नावे सुचवायची आहेत. प्रत्येक जण आपापल्या ब्राउझरमधून नॉमिनाटिमला विचारेल, म्हणजे सेकंदाला एक ही मर्यादा प्रत्येकाला वेगळी लागू होईल ना?

उत्तर : नाही. मर्यादा तुमच्या संपूर्ण अॅप्लिकेशनला आहे. सगळ्या वापरकर्त्यांच्या रिक्वेस्टची बेरीज सेकंदाला एकच्या आत हवी. आणि टाइप करता करता नावे सुचवण्यासाठी ही सेवा वापरायला अटींत सरळ मनाई आहे. ‘कोल्हापूर’ लिहिताना आठ-नऊ रिक्वेस्ट जातात आणि त्यातली शेवटची तेवढी कामाची असते.

गावांची यादी मर्यादित असेल तर ती तुमच्याच सर्व्हरवर ठेवून सुचवा. बाहेर जाण्याची गरजच नाही. यादी मोठी असेल तर फोटॉन हे मुक्त सॉफ्टवेअर याच कामासाठी बनलेले आहे, ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येते. नॉमिनाटिमच वापरायचे असेल तर ‘शोधा’ बटण द्या, ब्राउझरऐवजी तुमच्या सर्व्हरमार्फत विचारा आणि तिथे उत्तरे साठवा. सेवेचा पत्ता प्रोग्रॅममध्ये पक्का लिहू नका, सेटिंगमध्ये ठेवा. सांगितल्याबरोबर, नवी आवृत्ती न काढता दुसऱ्या सेवेकडे वळता आले पाहिजे, अशीही एक अट आहे.

प्रश्न : ४२९ आले की आमचा प्रोग्रॅम लगेच पुन्हा प्रयत्न करतो, यश येईपर्यंत. पूर्वी दोन-तीन प्रयत्नांत जमायचे, आता शेकडो प्रयत्न होतात आणि मग खातेच काही तासांसाठी बंद होते. पुन्हा प्रयत्न करायचा तरी कसा?

उत्तर : ४२९ या क्रमांकाचा अर्थ ‘ठरलेल्या वेळात फार रिक्वेस्ट आल्या’. २०१२ साली आरएफसी ६५८५ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात तो प्रमाणित झाला. त्यासोबत बऱ्याचदा रिट्राय-आफ्टर हा हेडर येतो. त्यात किती वेळ थांबायचे ते लिहिलेले असते, कधी सेकंदांत तर कधी जीएमटीमधली पूर्ण तारीख-वेळ. तुमच्या प्रोग्रॅमला दोन्ही रूपे वाचता आली पाहिजेत. नुसते सेकंद वाचणारा कोड तारीख आली की चुकतो आणि बहुधा शून्य सेकंद थांबून पुन्हा धडकतो. हेडर असेल तर तो पाळा, स्वतःचा अंदाज लावू नका.

हेडर नसेल तेव्हा प्रत्येक वेळी दुप्पट थांबा : १ सेकंद, २, ४, ८, १६. पाच प्रयत्नांनंतर सोडून द्या, नोंद करा आणि पुढच्या फेरीत बघा. या प्रत्येक अंतरात थोडा यादृच्छिक भाग मिसळणे फार महत्त्वाचे आहे, म्हणजे ८ सेकंदांऐवजी ४ ते ८ मधला कोणताही आकडा. तो नसेल तर एकाच क्षणी नाकारलेले तुमचे वीस प्रोग्रॅम बरोबर त्याच क्षणी परत येतात आणि पुन्हा सगळेच नाकारले जातात. रात्री बाराच्या ठोक्याला लावलेल्या कामांचेही हेच होते, कारण जगातल्या असंख्य लोकांनी तीच वेळ निवडलेली असते. काम २ वाजून १७ मिनिटांनी लावा, काही बिघडत नाही.

पुन्हा प्रयत्न कशासाठी करायचा हेही ठरवावे लागते. ४२९, सर्व्हरच्या तात्पुरत्या अडचणीचे ५०२, ५०३, ५०४ आणि वेळ संपल्याने तुटलेली जोडणी यांसाठी प्रयत्न करा. ४०० म्हणजे रिक्वेस्टच चुकीची, ४०१ म्हणजे तुमची एपीआय की (ओळखीची किल्ली) चुकीची, ४०४ म्हणजे वस्तू तिथे नाही; हे शंभरदा विचारून बदलत नाही. ४०३ बहुतेक ठिकाणी ‘परवानगी नाही’ असे असते, पण गिटहबसारख्या (प्रोग्रॅमांचा कोड ठेवणाऱ्या) सेवा मर्यादा संपल्यावरही कधी ४०३ देतात. तिथे हेडर वाचूनच खरे कारण कळते.

माहिती वाचणारी रिक्वेस्ट दोनदा गेली तर नुकसान नाही. एसएमएस पाठवणारी किंवा पैसे वळवणारी रिक्वेस्ट मात्र वेगळी. उत्तर यायला उशीर झाला म्हणून तुम्ही पुन्हा पाठवता, पण पहिली रिक्वेस्ट तिकडे पोचलेली असते. ग्राहकाला दोन मेसेज जातात, किंवा दोनदा पैसे कापले जातात. अशा सेवा बहुधा प्रत्येक व्यवहारासाठी तुमचा एक अनन्य क्रमांक स्वीकारतात. पुन्हा पाठवताना तोच क्रमांक द्या, नवा बनवू नका.

तुमचे ‘शेकडो प्रयत्न’ कुठून येत असावेत याचाही अंदाज आहे. लायब्ररी स्वतः तीन प्रयत्न करते, तुमचे फंक्शन तिला तीनदा बोलावते आणि ते काम रांगेतून चालवणारी यंत्रणा अपयश आले की पुन्हा तीनदा सुरू करते. झाले सत्तावीस, एका कामाचे. पुन्हा प्रयत्न एकाच थरावर ठेवा, बाकीच्या थरांत तो बंद करा.

नकार येईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा शिल्लक किती ते आधी बघणे केव्हाही चांगले. गिटहबचे उदाहरण घ्या. ओळख न देता तासाला ६० रिक्वेस्ट मिळतात, वैयक्तिक टोकन (ओळखीचा संकेत) दिले की ५,०००. प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये मर्यादा, शिल्लक आणि मोजणी पुन्हा सुरू होण्याची वेळ येते. ती वेळ युनिक्स सेकंदांत, म्हणजे १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या सेकंदांत असते, भारतीय वेळेत नाही. आणखी एक उपयोगी सोय आहे. उत्तरासोबत ईटॅग नावाची खूण येते. ती साठवा आणि पुढच्या वेळी ‘ही खूण बदलली असेल तरच पाठव’ असे विचारा. बदल नसेल तर ३०४ असे रिकामे उत्तर येते आणि टोकनसह केलेली अशी रिक्वेस्ट मुख्य मर्यादेत मोजली जात नाही. तासाला ५,००० पुरत नाहीत म्हणणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅमांना एवढ्याने पुरतात.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या संकेतस्थळावर आमच्याच यूट्यूब चॅनलवरच्या कीर्तनांची यादी दिसते. सकाळी दहा-साडेदहाला ती बंद पडते आणि दुपारी साडेबारानंतर आपोआप चालू होते. थंडीत मात्र दीड वाजतो. सर्व्हर भाड्याचा आहे, तो सदोष आहे का?

उत्तर : सर्व्हर निर्दोष आहे. तुमचा रोजचा कोटा संपतो आहे. यूट्यूब डेटा एपीआयमध्ये नेहमीचा कोटा दिवसाला १०,००० युनिटचा आहे आणि तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री नव्याने भरतो. तिकडे उन्हाळी वेळ असताना तेव्हा आपल्याकडे दुपारचे १२:३० होतात, हिवाळ्यात १:३०. तुमच्या निरीक्षणाशी हे तंतोतंत जुळते.

तो का संपतो, तर बहुधा तुम्ही शोधाची पद्धत वापरता आणि तीही प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरमधून. शोधाच्या एका रिक्वेस्टला १०० युनिट पडतात. म्हणजे शंभर जणांनी पान उघडले की दिवस संपला.

स्वतःच्या चॅनलची यादी काढायला शोध लागतच नाही. चॅनलची माहिती १ युनिटला मिळते. तिच्यात त्या चॅनलच्या सर्व अपलोडची एक प्लेलिस्ट असते. त्या प्लेलिस्टमधले व्हिडिओ एका वेळी ५० असे १ युनिटला मिळतात. कालावधी, किती वेळा पाहिले हे हवे असेल तर ५० व्हिडिओंचे क्रमांक स्वल्पविरामाने जोडून एकाच रिक्वेस्टमध्ये विचारा, पुन्हा १ युनिट. समजा ४०० कीर्तने आहेत. १ अधिक ८ अधिक ८, एकूण १७ युनिट. हेच काम शोधाने केले तर आठ पानांचे ८०० युनिट. आता हे काम ब्राउझरमधून काढून सर्व्हरवर न्या, सहा तासांनी एकदा चालवा आणि आलेली यादी फाइलमध्ये ठेवून पाहुण्यांना ती फाइल दाखवा. दिवसाला ६८ युनिट लागतील, पाहुणे शंभर येवोत की लाख.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. कोटा संपल्याचे उत्तर ४०३ म्हणून येते. तेव्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, कारण चुकलेल्या रिक्वेस्टलाही किमान १ युनिट पडते. आणि गूगलकडे चार-पाच प्रोजेक्ट (वेगवेगळ्या नोंदण्या) उघडून कोटा जोडण्याचा सल्ला तुम्हाला कोणी देईल, तो मानू नका. यूट्यूबच्या धोरणात त्याला मनाई आहे आणि सगळी प्रोजेक्ट एकदम बंद होऊ शकतात. खरेच जास्त हवा असेल तर वाढीव कोट्याचा अर्ज आहे. त्यात तुमचा वापर तपासला जातो. साठवलेली माहिती ३० दिवसांच्या आत ताजी करा किंवा पुसा, हीसुद्धा अटच आहे. सहा तासांच्या फेरीत ती आपोआप पाळली जाते, फक्त चॅनलवरून काढलेला व्हिडिओ तुमच्या फाइलमधूनही जातो ना ते बघा.

प्रश्न : शेतकऱ्यांसाठी कांद्याचे बाजारभाव दाखवणारे छोटे अॅप करतो आहे. केंद्र सरकारच्या डेटा डॉट गव्ह डॉट इन वर बाजारसमित्यांच्या दैनिक भावांचा एपीआय आहे, पण कितीही मागितले तरी दहाच नोंदी येतात. शिवाय गेल्या आठवड्याचे भाव कुठे मिळतील?

उत्तर : दहा नोंदींची मर्यादा नमुन्याच्या कीची आहे. एपीआयच्या पानावर दाखवलेली ती की फक्त चाचणीसाठी असते. संकेतस्थळावर नोंदणी करा, तुमच्या खात्यात स्वतःची की मिळेल. मग एका वेळी किती नोंदी हव्यात आणि कितव्या नोंदीपासून हव्यात हे दोन पॅरामीटर देऊन पुढे पुढे जा. राज्य आणि शेतमाल यांची चाळणीही रिक्वेस्टमध्येच द्या. साऱ्या देशाचा सगळा शेतमाल उतरवून घेऊन त्यातून महाराष्ट्राचा कांदा वेचणे म्हणजे त्यांच्या सर्व्हरला आणि तुमच्या डेटा पॅकला विनाकारण भार.

हा संच ‘चालू दैनिक भावां’चा आहे. दिवस बदलला की त्यातला मजकूर बदलतो. जुने भाव हवे असतील तर आजपासून रोज तुम्हीच साठवायला लागा. साठवताना बाजारसमिती, शेतमाल, वाण आणि आवकेची तारीख हे चारही मिळून एक नोंद माना. सगळ्या समित्यांची माहिती एकाच वेळी येत नाही. दुपारी आलेली नोंद संध्याकाळी सुधारून येऊ शकते, तेव्हा तीच ओळ बदलली पाहिजे, दुसरी भरली जाऊ नये. दिवसातून तीन वेळा माहिती घेतलीत तरी पुरे. दर मिनिटाला विचारून भाव मिनिटाला बदलणार नाहीत.

या अॅपबाबत एक कळकळीची विनंती आहे. आजची माहिती आली नसेल तर कालचा भाव दाखवा, पण त्याच्या शेजारी तारीख ठळक लिहा. ‘आजचा भाव’ असे शीर्षक आणि खाली तीन दिवसांपूर्वीचा आकडा, यावर विश्वास ठेवून कोणी ट्रॅक्टर भरून लासलगावला निघेल. भाव रुपये प्रतिक्विंटल असतात आणि किमान, कमाल, सर्वसाधारण असे तीन असतात. फक्त कमाल दाखवू नका. किलोत दाखवायचे असतील तर शंभराने भागा आणि एकक लिहा.

परवान्याचेही बघा. हा डेटा २०१७ मध्ये अधिसूचित झालेल्या सरकारी मुक्त डेटा परवान्याखाली मिळतो. वापर, बदल, अगदी व्यावसायिक वापरही चालतो. पण माहिती कोणाची, कुठून घेतली आणि परवाना कोणता हे अॅपमध्ये लिहावे लागते, आणि सरकारने तुमच्या अॅपला मान्यता दिली आहे असे भासवता येत नाही. राजमुद्रा लावण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

प्रश्न : सह्याद्रीतल्या गडवाटांसाठी अॅप करतो आहोत. वर रेंज नसते, म्हणून वापरकर्त्याने घरूनच ओपनस्ट्रीटमॅपचे नकाशे उतरवून घ्यावेत अशी सोय दिली, तर नकाशाच्या जागी नकाराचे चित्र येऊ लागले.

उत्तर : ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मुक्त आहे, पण तिच्या सर्व्हरवरचे तयार नकाशाचे तुकडे, म्हणजे टाइल्स, घाऊक उतरवायला परवानगी नाही. ऑफलाइन वापरासाठी तर नाहीच. फाउंडेशनचा सर्व्हर चालू नकाशा बघण्यासाठी आहे.

आकडा पाहिलात की कारण कळेल. झूमची एक पायरी चढली की टाइल्स चौपट होतात. हरिश्चंद्रगडाच्या अक्षांशावर १८व्या पायरीची एक टाइल सुमारे १४४ मीटर रुंद असते. गडाभोवतीचा २० किमी लांब-रुंद चौकोन घेतला तर त्या एका पायरीच्याच १९ हजार टाइल्स होतात, खालच्या पायऱ्या धरून २५ हजारांच्या वर. पाचशे ट्रेकर्सनी तो भाग उतरवला तर सव्वा कोटी रिक्वेस्ट, एका गडासाठी.

उपाय चांगला आहे आणि फुकटही. जिओफाब्रिक या जर्मन कंपनीच्या डाउनलोड सर्व्हरवर भारताची ओपनस्ट्रीटमॅप माहिती विभागवार मिळते. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागाच्या फाइलमध्ये येतात. ती एकदा उतरवा, ऑस्मियम या साधनाने तुम्हाला हवा तेवढा भाग कापा, प्लॅनेटिलर या साधनाने त्याच्या व्हेक्टर टाइल्स, म्हणजे चित्रांऐवजी रेषा-बिंदूंच्या माहितीचे तुकडे, बनवा आणि ती एकच फाइल तुमच्या सर्व्हरवरून द्या. व्हेक्टर टाइल्सना १४व्या पायरीपर्यंतचीच माहिती पुरते, त्यापुढचे मोठे चित्र फोनच काढतो, त्यामुळे फाइल आटोपशीर राहते. महिन्यातून एकदा नवी बनवली तरी चालेल. नवा पाणवठा किंवा बुजलेली वाट कोणी नकाशात नोंदवली असेल तर ती मिळावी यासाठी एवढे कराच. समोच्च रेषा मात्र ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नसतात, त्या उंचीच्या वेगळ्या माहितीवरून काढाव्या लागतात.

नकाशाच्या कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा श्रेयोल्लेख हवा, ऑफलाइन असतानाही. ‘आमच्याविषयी’च्या पानात दडवलेला चालत नाही. त्या वाटा कोणीतरी पायी फिरून नोंदवल्या आहेत.

प्रश्न : गूगलच्या जिओकोडिंग एपीआयचे पैसे आम्ही भरतो. मग मिळालेले अक्षांश-रेखांश कायमचे डेटाबेसमध्ये ठेवले तर काय हरकत आहे?

उत्तर : पैसे वापराचे आहेत, मालकीचे नाहीत. गूगलच्या अटींनुसार अक्षांश-रेखांश सलग ३० दिवसांपर्यंतच साठवता येतात. प्लेस आयडी, म्हणजे गूगलने ठिकाणाला दिलेला क्रमांक, मात्र कायम ठेवता येतो, म्हणून डेटाबेसमध्ये तो ठेवा आणि गरज पडेल तेव्हा त्यावरून ठिकाण पुन्हा मागवा. वर्षभरापेक्षा जुना असेल तर आधी ताजा करून घ्या. गूगलकडून मिळालेले बिंदू ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर दाखवणेही अटींत बसत नाही. कायम साठवणे हीच तुमची गरज असेल तर पहिल्या उत्तरातला मार्ग धरा.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी मराठी विकिपीडियावरचे सगळे लेख हवे आहेत. एपीआयने एकेक लेख मागवतो आहे, कित्येक दिवस लागतील असे दिसते.

उत्तर : सगळे हवे असतील तर एपीआय वापरूच नका. विकिमीडियाच्या डम्प्स संकेतस्थळावर मराठी विकिपीडियाच्या सर्व लेखांची एकच संकुचित फाइल मिळते, ती नियमितपणे नव्याने निघते. ती उतरवा आणि निवांत काम करा. निवडक लेखच हवे असतील तर एका रिक्वेस्टमध्ये ५० पर्यंत शीर्षके उभ्या रेघेने जोडून विचारता येतात. एक उत्तर आले की मगच पुढची रिक्वेस्ट पाठवा, यूजर-एजंटमध्ये संपर्क लिहा आणि मॅक्सलॅग हा पॅरामीटर ५ ठेवा. त्याने सर्व्हरवर ताण असताना तुमची रिक्वेस्ट तूर्त नाकारली जाते आणि किती थांबायचे ते कळते. प्रकल्पात लेखांचा मजकूर छापणार असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यानुसार श्रेय द्यावे लागेल.

प्रश्न : चुकून एपीआय की असलेली फाइल गिटहबवर सार्वजनिक झाली. लक्षात येताच फाइल पुसली. पुरे ना?

उत्तर : पुरे नाही. फाइल पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहते, आणि सार्वजनिक कोडमधून की शोधणारे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. ती की आत्ताच रद्द करा आणि नवी काढा. इतिहास साफ करणे नंतर. मग त्या सेवेच्या वापराचा तक्ता उघडून की उघडी पडली त्या वेळेपासूनचे आकडे तपासा. नवी की प्रोग्रॅमबाहेर, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (मशीनच्या सेटिंगमध्ये) ठेवा आणि ते ज्या फाइलमध्ये लिहिले असेल ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घाला. ब्राउझरमध्ये दिसणारी की लपवता येत नाही, तेव्हा तिच्यावर दोन बंधने लावा : ती फक्त तुमच्या संकेतस्थळावरून चालावी आणि फक्त लागतो तेवढाच एपीआय तिला खुला असावा. शिवाय रोजच्या कोट्याला स्वतःचीच कमाल मर्यादा घाला. खर्चाची सूचना ईमेलने येते, पण ती वापर थांबवत नाही. थांबवते ती मर्यादा.